खारकंची तुला

माझा साडू कोपरगावात किराणा दुकान चालवितो आन मी आठवडी बाजारात पाल ठोकून बसतो. आज राहाता, उद्या दुसरं गाव, परवा तिसरं. खारीक, खोबरं, हळकुंडं, सुपारी, डिंक, बदाम एवढाच आपला माल. लोकांची लग्नं आन बायांची बाळंतपनं जोवर चालू हायती, तोवर माझं पोट चालू हाय.

साडू म्हंजी बायकोच्या धाकट्या भनीचा नवरा. नात्यानं माझ्याहून ल्हान. बाकी सगळ्यात मोठा. त्याचा काटा लाईटीवरचा, आकडे दावनारा. माझा ताजवा हातात धरायचा, वारं आलं की हेलकावं खानारा. त्याच्याकडं टेम्पो हाय आन माझ्याकडं दुसऱ्याच्या टेम्पोत जागा मागायची सवय हाय. त्याचे दात बी सगळे शाबूत. आता मानसानं मानसाच्या दातावर जळावं का? पर मी जळतो. सुपारी मी इकतो आन कडाकडा फोडून खातो त्यो.

सासरवाडीला गेलो की मामी, म्हंजी माझी सासू, पंगतीत रस्सा वाढती. त्याच्या ताटात फोडी पडत्यात, माझ्या ताटात नुसतं पानी. एकदा मी बायकूजवळ बोललो तर ती म्हनली, "तुमी बसता कुटं? पार शेवटाला. पातेल्यात राहील तेच यील की तुमच्या ताटात."

हे खरं हाय. पर मी शेवटाला का बसतो? त्याच्या ताटात काय काय पडलं ते नीट दिसावं म्हनून बसतो.

आता खारकंचं सांगतो, म्हंजी पुढचं समजंल. खारीक आपल्याकडं पिकत न्हाई. आमच्याकडं यायची ती पाकिस्तानातली. माझा बाप बी तीच इकायचा. भांडन भांडनाच्या जागी, खारीक खारकंच्या जागी. हद्दीवर गोळ्या चालू असायच्या आन हिकडं नवरीच्या ओटीत तिकडचीच खारीक पडायची. कुनी इचारलं न्हाई की ही कुठली हाय.

मंग मागं सरकारनं तिच्यावर लई मोठा कर बसवला. लोक टीव्हीवर ऐकून मोठमोठं बोलायचे. मला कर म्हंजी एकच कळतो, आमच्या बाजारातली बसायची पावती. आपन पाल ठोकलं की पावतीवाला येतो आन पावती फाडतो. मला वाटलं दोन देशांचा बी आसाच कायतरी बाजार असंल. तिथं बी एखादा पावतीवाला असंल. आन पावतीवाल्याचं कसं असतं, दोन बाजार लई तापतो, तिसऱ्या बाजाराला च्या पाजला की गार व्हतो. म्हनून मी गिऱ्हाइकाला सांगायचो, "ताई, आज थोडी घ्या, पुढच्या बाजाराला सस्ती व्हनार हाय." गिऱ्हाईक थोडी घ्यायचं. पुढच्या बाजाराला ती आनखी महाग असायची. गिऱ्हाईक मला शिव्या घालून पलीकडच्या पालावर जायचं. आसं मी माझ्या तोंडानं माझं गिऱ्हाईक पलीकडं पाठवलं, कितीतरी.

साडूनं मातर तवाच वळखलं. त्यो म्हनला, "साडूभाऊ, ही पावती फाटनारी न्हाई. ही राहनार." आन त्यानं पोती भरून ठिवली. मी त्याला हसलो. उंदरं खातील म्हनलो. उंदरांनी माझंच खोबरं खाल्लं.

पुढं नगरचा शेठ, ज्याच्याकडनं मी माल उचलतो, त्यो सांगायला लागला की आता खारीक सरळ येत न्हाई, दुबईवरनं येती. तिकडची, आपल्या शेजारच्या देशातली, खारीक बोटीत बसती, दुबई बगती आन मंग नगरला उतरती. मी त्या खारकंकडं बगतच राहिलो. मी उभ्या जल्मात पुण्याच्या पुढं गेलो न्हाई. पुण्याला बी गेल्तो ते दवाखान्यात. आन ही सुरकुतलेली खारीक समिंदर बगून आली. त्या दिवशी मी पयल्यांदा मालावर जळलो. तोवर फक्त मानसांवर जळत हुतो.

आता मूळ गोष्ट.

सासरवाडीच्या भैरोबाची जत्रा चैतात असती. नवसाला पावनारा देव हाय. लेकरू झालं की लोक त्याची तुला करत्यात. लिंबाच्या फांदीला मोठा ताजवा टांगायचा, एका पारड्यात लेकरू बसवायचं, दुसऱ्यात गूळ न्हाईतर साखर टाकायची. पारडी बराबर झाली की नवस फिटला. मंग त्यो गूळ सगळ्या गावाला वाटायचा.

मागच्या साली साडूच्या नातवाची तुला हुती. गुळाची. गूळ बी कसला, पिवळाधमक, ढेपा फोडल्या तर वास पार मारुतीच्या देवळापस्तोर. नातू गोरापान, डोक्याला कुंची, पारड्यात बसून राजावानी हसत हुता. गाव टाळ्या वाजवीत हुतं. मामीच्या डोळ्यात पानी. माझी बायकू बी पदरानं डोळं पुसायला लागली. मी तिला म्हनलो, "तू का रडती? तुझा हाय का त्यो नातू?"

"तुमाला तेवढंच दिसतं," म्हनली.

मला तेवढंच दिसत हुतं. पारड्यात पोरगं चढत हुतं आन माझ्या छातीत कायतरी उतरत हुतं. तवर माइकवाला म्हनला, "कोनाला चार शबूद बोलायचे हायती का?" मला कोनी ढकललं न्हाई. मी आपल्या पायानं गेलो. माझी सून तवा पोटुशी हुती. मी माइक धरला आन म्हनलो, "भैरोबाच्या साक्षीनं सांगतो. माझ्या घरात नातवंड आलं की पुढल्या जत्रंला त्याची तुला. आन गुळाची न्हाई. खारकंची!"

गाव एकदम ओरडलं. खारकंची तुला त्या गावानं बगितली नव्हती. मामीनं माझ्याकडं बगितलं. तवा मला वाटलं, आता पुढच्या पंगतीला फोड माझीच.

खाली उतरलो तर साडू जवळ आला. "साडूभाऊ, लई मोठा शबूद दिला. खारकंचं आजकाल काय खरं न्हाई बरं का. पुढं काय व्हील सांगता येत न्हाई."

मी म्हनलो, "पाव्हनं, मी खारीक इकतो. तुमी साबन इका."

त्याच्यानंतर थोड्याच दिसात हद्दीवर जे झालं ते तुमी समद्यांनी टीव्हीवर बगितलं. आन सरकारनं तिकडचा माल साफ बंद केला. कर न्हाई, पावती न्हाई, बाजारच उठला. दुबईवरनं फिरून येनारी बी बंद. मी नगरला शेठकडं गेलो तर त्यो मोकळ्या गोदामात खुर्ची टाकून बसलेला.

"शेठ, खारीक?"

"खारीक इसरा. खजूर घ्या, ओला. इराणचा हाय."

"मला खारीकच पायजे. नवस हाय."

"मंग देवाला सांगा हद्द उघडायला," शेठ म्हनला आन हसला. मी बी हसलो. माझी सवयच ती, आडचनीत सापडलो की तोंडानं हसतो.

माझ्या घरी एकच पोतं हुतं, ते बी अर्धं. मी हिशेब केला, तान्हं लेकरू कितीसं जड असतंय? पुरंल. बाजारात मी खारीक इकायची बंद केली. गिऱ्हाईक इचारायचं, "मामा, खारीक?" मी म्हनायचो, "न्हाई." पोतं माझ्या घरात खाटंखाली आन मी पालावर न्हाई म्हनतोय. ते गिऱ्हाईक कुटं गेलं? कोपरगावला, साडूच्या दुकानात. त्याच्याकडं जुनी पोती हुती ना. त्यो मूठ मूठ पुड्या बांधून बाळंतिणींना देत हुता. मला आमच्या एका गिऱ्हाइकानं येऊन सांगितलं, "तुमचे साडू लई देवमानूस हायती वो." म्या त्या दिवशी त्या बाईला हळकुंड बारकं काढून दिलं.

पावसाळ्यात सून बाळंत झाली. मुलगी झाली. काळीसावळी, नाक चपटं, माझ्यावर गेलेली बिचारी. सगळी खूश. आन माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो. माझ्या डोक्यात आलं की नवस नातवाला बोललो हुतो का नातीला? गावात दोनचार जन म्हनलेच, "पोरीची कुटं तुला करत्यात? सुटला तुमी." मला एकदम मोकळं वाटलं. मी बायकूला म्हनलो, "आगं, लोक काय म्हनत्यात..."

बायकू चुलीपशी हुती. फुंकनी हातात तशीच ठेवून म्हनली, "तुमी माइकवर काय म्हनला हुता? नातवंड. समद्या गावानं ऐकलंय. तवा तुमाला म्हाईत हुतं का पोरगा हाय का पोरगी? भैरोबानं तुमाला इचारलं का? साडूच्या नातवाला गूळ आन माझ्या नातीला काय, माती?"

सून आत बाजेवर. तिला सगळं ऐकू जात हुतं. तिनं लेकराला पदराखाली वढलं. मी बाहेर जाऊन वट्यावर बसलो. त्याच्यानंतर मी सुटायची गोष्ट काढली न्हाई. तुला व्हनार म्हंजी व्हनार. ती झाली न्हाई तर सून मला जल्मभर च्या दील, पर तोंडाकडं बगनार न्हाई.

पर आता खरी गंमत सुरू झाली. बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागत्यात, त्यात खारीक. चार म्हयन्यांनी लेकराला दुधात उगाळून खारीक. सा म्हयन्यांनी खारकंची पूड. ही पूड कुठनं येनार? माझ्या खाटंखालनं. सकाळी सकाळी खलबत्त्याचा आवाज आला की माझं काळीजच त्यात कुटलं जायचं. टन टन टन. मी आंथरुनातनं इचारायचो, "किती घेतली?"

"मूठभर."

"कुनाची मूठ?"

"झोपा गप."

नात ती पूड खाऊन आशी गुबगुबीत झाली की हाताला वळ्या, मांडीला वळ्या. बगनाऱ्या बाया म्हनायच्या, "काय गं बाई टपोरी हाय!" मी खाटंखाली वाकून पोतं चाचपायचो. हिकडं पोतं हलकं व्हत चाललं, तिकडं पोरगी जड व्हत चालली. एकाच मापाच्या दोन्ही टोकाला माझीच खारीक. जगात आसा येडा दुसरा कोन हाय, जो नातीला उचलून घेतो आन म्हनतो, "आरारा, कालच्यापरास जड लागती!"

पोरीला दात यायला लागले. दात येताना लेकरू जरा वाळतं. तिचं पोट बिगडलं, खाईना, रडायला लागली. बायकू रात दिस तिला खांद्यावर घेऊन. मी बाजारातनं आलो आन इचारलं, "कशी हाय?" सून म्हनली, "उतरली वो मामा, हलकी लागती." आन मी हसलो. खरंच हसलो. बायकूनं बगितलं. तिनं पोरगी सुनंच्या हातात दिली आन मला म्हनली, "लेकरू वाळलं म्हनून हसनारा आजा मी आजच बगितला." दोन दिस माझ्या ताटात भाजी आली न्हाई. बरं, आमच्या घरात पंगत नसती, शेवटाला बसल्याचं कारन बी सांगता येईना.

मंग माझ्या डोक्यात आयडिया आली. खारीक म्हंजी काय? वाळल्याला खजूर. आन खजूर तर शेठकडं हाय. मी खोकी भरून खजूर आनला. फागुनातलं ऊन, पत्रा तापलेला. म्या पत्र्यावर चढलो आन एक एक खजूर पसरून ठिवला. बायकू खालनं म्हनली, "आवं, इतकी वर्सं खारीक इकताय, आसं कुनी करतं का?"

"तुला काय कळतं? आठ दिसात समदा माल तयार."

पयल्या दिवशी खजूर पाघळला. दुसऱ्या दिवशी पत्र्याला चिकटला. तिसऱ्या दिवशी मुंग्या, मंग गांधीलमाशा, मंग आळीतल्या माकडांना खबर. म्या उलथनं घेऊन पत्र्यावर खजूर खरवडाया बसलो तर गुडघा चिकटला. धोतर तिथंच राहिलं. खालनं समदी आळी बगतेय आन म्या वर चड्डीवर.

नेमका त्याच टायमाला साडूचा टेम्पो दारात. लेकराला झबलं आनल्यालं.

त्यो खाली उभा राहून बराच येळ बगत हुता. मंग म्हनला, "साडूभाऊ, खारीक खजुरापास्नं न्हाई व्हत. ती अर्धी कच्ची फळं उकळून मंग वाळवत्यात. पिकलेला खजूर कसा वाळंल?"

"म्हाईत हाय," मी वरनं म्हनलो. "म्या पत्र्याला भोकं पडली ती बुजवतोय."

त्यो हसला न्हाई. हसला असता तर बरं झालं असतं. म्हनला, "माल कमी असंल तर सांगा. माझ्याकडं थोडी हाय."

"माझ्याकडं ठिवायला जागा न्हाई, पाव्हनं," म्या म्हनलो. "पोत्यांनी खाट उचलल्याली हाय."

त्यो गेला. बायकूनं खाटंखालचं पोतं बाहेर वढलं, एका हातानं, आन दारात ठिवून आत गेली. एका हातानं येत हुतं इतकंच ते राहिलं हुतं. जत्रा तोंडावर. म्या त्या पोत्याकडं बगितलं आन मला साडू दिसत हुता. त्याला सांगावं का? निस्ता फोन करायचा. पर फोन उचलला की त्यो म्हननार, "बोला साडूभाऊ." ते 'बोला' मला नको हुतं.

जत्रंच्या दिवशी लिंबाला ताजवा टांगला. नातीला नवं झबलं, त्येच साडूनं आनल्यालं. माझा जीव वर खाली. पुजारी म्हनला, "बसवा लेकराला." म्या म्हनलो, "थांबा थांबा. हातातले वाळे काढा." वाळे काढले. "कमरंचा करदोडा?" पुजारी म्हनला, "करदोडा काढत न्हाईत." "बरं. मंग कुंची काढा, पोरीला गरम व्हतंय." सून माझ्याकडं बगाया लागली. म्या हळूच म्हनलो, "आन ते डायपर बगा जरा. भरल्यालं असंल." मागं कोनतरी फिस्सदिशी हसलं. मंग समदं गाव हसलं. मी बी हसलो.

पोरगी पारड्यात बसली. धपकन खाली. मी दुसऱ्या पारड्यात खारीक वतली. पोत्यातली समदी. पोतं उलटं करून झाडलं. कोपऱ्यातली पूड बी झाडली. पोरीचं पारडं जागचं हाललं, एवढंसं वर आलं, आन थांबलं. पोरगी तशीच खाली बसून पाय हालवतेय.

माइकवाल्यानं तोंडापशी धरलेला माइक खाली घेतला. माझ्याकडं रिकामं पोतं. म्या खिशात हात घातला, एक सुपारी निघाली. ती ठिवली. काय झालं न्हाई. सुनंनं मान खाली घातली. मला वाटलं, भुई फाटावी आन म्या खाली जावं, पर भुई फाटली असती तर म्या पोरीच्या बाजूला पडलो असतो, आन पारडं आनखीच खाली गेलं असतं.

तवर गर्दीतनं साडू आला. काखंत एक पिशवी. माझ्याजवळ आला, इतका जवळ की दुसऱ्या कुनाला ऐकू येऊ नये. म्हनला, "साडूभाऊ, टाकू का? तुमी म्हनला तर टाकतो. न्हाई म्हनला तर म्या जातो."

माझ्या जिभंवर न्हाईच हुतं. त्यानं न इचारता टाकली असती तर मी त्याला जल्मभर शिव्या देऊ शकलो असतो. पर त्यानं इचारलं. म्या नातीकडं बगितलं. तिला काय कळत न्हाई. तिनं साखळी हातात धरून तोंडात घातली हुती. आन तिच्या मागं माझी सून, मान खाली.

"टाका," म्या म्हनलो. "पर हळू टाका."

त्यानं मूठ भरली आन हळू टाकली. दुसरी मूठ. तिसरी. पोरगी वर यायला लागली. गाव टाळ्या वाजवाया लागलं. पारडी बराबर आली, काटा मदी थांबला. त्यानं थोडा येळ तसंच राहू दिलं, समद्यांना दिसावं म्हनून. मंग आनखी एक मूठ टाकली. पोरगी एकदम वर गेली आन खदखदा हसली. माइकवाला वरडला, "खारकंची तुला!" फटाकडे लागले. लोकांनी खारीक लुटून नेली. लोक म्हनत हुते, साडू असावा तर आसा. माझ्याबद्दल कोनी काय म्हनत न्हवतं. मी त्यांच्याच मदी उभा राहून ऐकत हुतो.

पुजाऱ्यानं पोरीला पारड्यातनं काढलं आन म्या हात पुढं केले. ती माझ्याकडं आली न्हाई. साडूकडं झेपावली. त्यानं घेतली. त्याच्या शर्टाची गुंडी चावाया लागली, तिच्या नव्या दातांनी.

पंगत बसली तवा मी त्याच्याशेजारी बसलो. शेवटाला न्हाई. काय बगायचं राहिलं नव्हतं. मामीनं रस्सा वाढला. मी म्हनलो, "पाव्हनं, ही खारीक तुमच्याकडची शेवटची का वो?"

"हं."

"कशासाठी ठिवली हुती?"

त्यो भाकर मोडत म्हनला, "ल्हान्या पोरीचे दिस भरत आले हायती. तिच्या लाडवाला ठिवली हुती. जाऊ द्या. डिंक हाय, खोबरं हाय. खारकंबिगर बी लाडू व्हत्यात."

माझा घास तोंडातच राहिला. टेम्पो त्याचा, काटा त्याचा, दात त्याचे, ते समदं मी सोसलं हुतं. मला वाटायचं, एक गोष्ट तर माझ्याकडं जास्त असंल, मन. मी गरीब हाय ना, गरिबाचं मन मोठं असतं म्हनत्यात. तर ते बी त्याच्याकडंच निघालं. मी त्याच्या त्या पिशवीवर इतका जळलो, तितका त्याच्या टेम्पोवर बी जळलो नव्हतो.

"काय झालं? तिखट लागलं का?" मामी म्हनली.

"न्हाई मामी. फोड अडकली."

दुसऱ्या दिवशी बाजाराला पाल ठोकलंच न्हाई. नगरला गेलो. शेठकडं गेलो, त्याच्या शेजाऱ्याकडं गेलो, सावेडीत एका जुन्या बेकरीवाल्याकडं गेलो, कापडाच्या दुकानात बी इचारलं. कुनाकडं जुनी, दबलेली, इसरलेली खारीक हाय का. बायकू म्हनत हुती उपकार फेडायला चाललाय. तसं काय न्हाई. उपकार फेडायला मानूस चांगला लागतो. मला फक्त त्याच्या पोरीच्या लाडवात माझी खारीक पायजे हुती. त्याच्या घरात बायांनी लाडू खावा आन म्हनावं, ही कुठली वो? आन त्यानं सांगावं, साडूभाऊची.

शेवटाला एका जुन्या वखारीत एक म्हातारा भेटला. त्यानं कोपऱ्यातनं एक कळकटलेली गोनी वढली. आत खारीक. वाळून दगड झाल्याली, पर खारीक.

"किती देऊ?" म्हातारा म्हनला.

म्या डोळं मिटलं आन त्या दिवशीच्या मुठी मोजल्या, साडूच्या, एक एक.

"त्याच्यावर एक मूठ जास्त," म्या म्हनलो.

"कुनावर?" म्हातारा म्हनला.

"हाय एक. तुमी बांधा."